गुरुवारी कॅनॉलमध्ये फाईल तुटली आणि मला काहीच वाटलं नाही : ठाणे-नवी मुंबईतल्या डेंटिस्टांशी बोलायचं आहे

रानजाई

नमस्कार. एरवी मी इथे बागकामाच्या धाग्यांवर असते. आज पेशाबद्दल लिहितेय, कारण घरी सांगून पाहिलं, पण मी नेमकं काय म्हणतेय ते कुणाला कळलं नाही.

मी डेंटिस्ट आहे, 2009 साली बीडीएस झाले. सकाळी कळव्यात स्वतःचं छोटं क्लिनिक आणि संध्याकाळी घोडबंदर रोडवर दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये टक्केवारीवर काम. गेल्या गुरुवारी रात्री पावणेआठला खालच्या दाढेचं रूट कॅनॉल चालू होतं. पेशंट पन्नाशीच्या बाई, पोळीभाजीचे डबे करतात. रोटरी फाईल, म्हणजे कॅनॉल आतून साफ करणारी बारीक सुई, आत फिरत असताना हाताला बारीकसा झटका जाणवला. बाहेर काढली तर टोक नाही. एक्स-रे घेतला. स्क्रीनवर मुळाच्या तळाशी तीनेक मिलिमीटरची पांढरी रेघ.

हे होतं. पुष्कळ वर्षं रूट कॅनॉल करणाऱ्याच्या हातून कधी ना कधी फाईल तुटतेच. माझ्या हातून पहिल्यांदा 2012 मध्ये तुटली, तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले होते आणि त्या रात्री झोप नव्हती. परवा मात्र स्क्रीनकडे बघताना मनात पहिला विचार आला तो सव्वाआठच्या पेशंटचा. बाईंना जे झालं ते नीट सांगितलं, एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे, चिठ्ठी दिली, तिथला खर्च मी देईन म्हटलं. करायचं ते सगळं केलं, पण आत काही हललंच नाही. बाईच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दमलेल्या दिसताय, जरा चहा घ्या." तेव्हाही काही वाटलं नाही. घरी आल्यावर भांडी घासताना मात्र माझीच मला भीती वाटली.

मी आळशी नाही आणि मला हे काम आवडायचं. दाढ दुखून रात्रभर जागलेला माणूस वीस मिनिटांत खुर्चीवरून हसत उठतो, हे सुख मला किती वर्षं पुरलं. मग हे कुठून आलं, याचा चार दिवस विचार करतेय.

एक तर वेळ. ठाण्यातला पेशंट सकाळी लोकलने मुंबईला जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्यामुळे आमचं खरं काम साडेसहा ते साडेदहा. मधली दुपार रिकामी, पण सुट्टीही नाही, कारण कळव्याहून कासारवडवलीला पोचायचं तर कापूरबावडीच्या गर्दीत तास जातो. सकाळी नऊला घराबाहेर, रात्री अकराला आत. मुलगा सहावीत आहे, त्याची संध्याकाळ मी पाहिलेलीच नाही म्हटलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे पैसे. संध्याकाळच्या क्लिनिकमध्ये मला 40 टक्के मिळतात, तेही लॅबचं बिल वजा करून. पेशंट आला नाही तर शून्य. आजारी पडले तर शून्य. कळव्यात भाडं, चेअरचा हप्ता, कॉम्प्रेसरची दुरुस्ती, हातमोजे, कचरा नेणाऱ्यांचे पैसे. पेशंट आला नाही म्हणून यातलं काही थांबत नाही.

आणि तिसरं मला नीट मांडता येत नाहीये. दिवसभर माणसांच्या तोंडात, अगदी वीतभर अंतरावर असते, आणि तरी कुणाशी बोलणं होत नाही. पेशंटचं तोंड उघडं, माझं मास्कमागे. त्यातले निम्मे घाबरलेले असतात आणि त्यांची भीती माझ्या खांद्यात येऊन बसते.

असं कुणाला झालंय का? त्यातून बाहेर आलात का? योगासनं आणि ध्यान सुचवू नका प्लीज, दोन्ही करते.

माजिवडेकर

रानजाई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण पेशंट म्हणून मनात आहे ते बोलतो, राग मानू नका. मी आयटीत आहे. रात्री अकराला अमेरिकेचा कॉल असतो, आम्हीही पिळून निघतो. मला दोन वर्षांत तीन डेंटिस्टांनी तीन वेगळ्या दाढा खराब आहेत म्हणून सांगितलं. एकीकडे रूट कॅनॉल आणि कॅप मिळून 14,000 चा आकडा दिला, दुसरीकडे म्हणाले नुसतं सिमेंट भरून चालेल. मग विश्वास कुणावर ठेवायचा? तुमच्या थकव्याची किंमत आम्ही तर मोजत नाही ना, असा प्रश्न पडतो.

सुमेधा_नेरूळ

रानजाईताई, मी एंडोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे ती तुटलेली फाईल माझ्यासारखीकडेच येते. आठवड्यात सात क्लिनिक करते. वाशी, घणसोली, ऐरोली, ठाण्यात दोन, पनवेलला दोन. फाईल फिरवणारं एंडोमोटर, मुळाची लांबी मोजणारं एपेक्स लोकेटर, फाईलचे डबे असलेली बॅग खांद्यावर आणि ट्रान्स-हार्बरची लोकल. प्रत्येक ठिकाणी चेअर वेगळी, दिवा वेगळा, असिस्टंट वेगळी. कुठे तोंडातलं पाणी खेचणारं सक्शन नीट ओढत नाही, कुठे स्टूलची उंचीच बदलत नाही. मान कुठल्या कोनात वाकवायची हे मी ठरवत नाही, ते क्लिनिकचं फर्निचर ठरवतं. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. एमआरआयमध्ये मानेची चकती सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे काम बंद. मी नऊ दिवसांनी हजर झाले, कारण माझ्या जागी दुसरी कन्सल्टंट बोलवायला वेळ लागत नाही, आणि एकदा बोलावली की आपली जागा गेली.

बाळंतपणाचं तर बोलायलाच नको. आठव्या महिन्यापर्यंत वाकून काम केलं. रजा कोण देणार? कागदावर मी कुणाची नोकर नाहीच.

ते "काहीच वाटलं नाही" मला माहीत आहे. माझं उलट झालं होतं. क्षुल्लक गोष्टीवर, म्हणजे पेशंटने तीनदा तोंड मिटलं तरी, मला संताप यायचा. आवाज चढू द्यायचे नाही, पण सुई टोचताना हात जरा कमी हळुवार झालाय हे मला कळायचं. इथे पहिल्यांदाच लिहितेय हे.

कोपरीची_मैना

वाचतेय. मुलगी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला धागा पाठवू की नको, ठरत नाहीये.

रानजाई

माजिवडेकर, राग नाही. उलट बरं झालं विचारलंत. तीन डेंटिस्ट तीन दाढा सांगतात, त्यात काही वेळा प्रामाणिक मतभेद असतो. कीड एनॅमलपुरती, म्हणजे दाताच्या वरच्या कवचापुरती, आहे की आत डेंटिनमध्ये गेलीय, ती बघत थांबायची की लगेच उघडायची, यावर चांगल्या डॉक्टरांचं दुमत होतं. पण काही वेळा तसं नसतं हेही मी नाकारणार नाही. ज्याचा त्या महिन्याचा हप्ता राहिलाय त्याला काळा डाग जरा जास्त काळा दिसतो. म्हणूनच हा विषय नुसता आमचा नाही असं मला वाटतं. माणूस पगारावर असता तर "सध्या काही करू नका, सहा महिन्यांनी या" हे वाक्य त्याला फुकट पडलं असतं. टक्केवारीवर ते वाक्य त्याच्याच खिशातून जातं. मी ते आजवर सांगत आलेय. पण दर वेळी सांगताना आतून ओढ बसते, आणि त्या ओढीनेही माणूस थकतो.

सुमेधा, तुझ्या शेवटच्या परिच्छेदासाठी तुला नमस्कार. फोन करते रात्री.

अनघा_प

मी डेंटिस्ट नाही, कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याचा विषय शिकवते. दोन-तीन गोष्टी सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी ती अवस्था आहे, आणि तिच्या तीन बाजू दिल्या आहेत : शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. रानजाई, तुमची फाईलची गोष्ट ही त्यातली दुसरी बाजू आहे. सुमेधांचा संताप ही त्याच बाजूची दुसरी कड. त्यामुळे "मीच दगड झाले का" असं मनाला लावून घेऊ नका. जिथून सारखं टोचतं तिथून मन अंग काढून घेतं.

माजिवडेकरांनी म्हटलं की आम्हीही थकतो. ते खरंच आहे. पण दंतवैद्यांचा या दृष्टीने बराच अभ्यास झालाय. 2019 मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये एक पाहणी आली होती, दोन हजारांहून जास्त दंतवैद्यांची. त्यात निम्म्याहून जास्त, 54.9 टक्के, जणांनी कामाचा ताण खूप असल्याचं सांगितलं. सगळ्यात त्रास देणाऱ्या गोष्टी होत्या नियमांचा काच आणि नाराज पेशंट कोर्टात खेचेल ही धास्ती. 17.6 टक्के जणांनी जीव देण्याचा गंभीर विचार मनात येऊन गेल्याचं कबूल केलं. हा आकडा मी मुद्दाम लिहितेय, कारण हा धागा वाचणाऱ्यांत तसं कुणी असू शकतं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर 14416. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

त्याआधी 1990च्या दशकात नेदरलँड्समध्ये दंतवैद्यांवर काम झालं. वेळेची घाई, पैशाची काळजी, अवघड पेशंट हे सगळं तिथे सापडलंच. पण बर्नआउटशी सगळ्यात घट्ट जोडलेलं निघालं ते वेगळंच : पुढे काही नाही ही भावना. तिशीत जे करत होतो तेच पन्नाशीत, त्याच खुर्चीवर. फिनलंडच्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसली. ज्यांच्या कामात कौशल्याचं वैविध्य होतं आणि ज्यांचं समव्यावसायिकांशी येणंजाणं होतं, त्यांचं मन ताण असूनही कामात टिकून होतं.

म्हणून ध्यान नको म्हणालात ते मला पटलं. ध्यान वाईट नाही, पण साडेदहाची वेळ त्याने साडेआठ होत नाही.

खारघरचा_पोरगा

मी पंचविशीत. बेलापूर, नेरूळ, खारघर, कामोठे एवढ्याशा पट्ट्यात पाच दंतमहाविद्यालयं आहेत, त्यांतल्याच एकातून बाहेर पडलो. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. पहिली नोकरी 15,000 वर, सकाळी दहा ते रात्री नऊ. मग एका साखळी क्लिनिकमध्ये लागलो. तिथे रोज सकाळी दहा मिनिटांची मीटिंग. काल किती जण तपासायला आले, त्यांतल्या किती जणांनी पैसे भरले, इम्प्लांटसाठी किती तयार झाले, सगळं फळ्यावर. माझ्या नावापुढे एकदा सलग चार दिवस शून्य होतं. पाचव्या दिवशी एक आजोबा आले, दात हलत होता, बाकी तोंड त्या वयाला झकास. मी दात काढून दिला आणि सांगितलं, बाजूच्या दातांचा आधार घेऊन साधा ब्रिज बसेल, नाहीतर तसंच राहू द्या, मागचा दात आहे, जेवायला अडणार नाही. संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. मॅनेजर डेंटिस्ट नव्हता. म्हणाला, "तू पेशंटला नको म्हणायला शिकवतोयस."

सोडलं. आता दोन ठिकाणी पार्टटाइम करतो आणि परदेशातल्या परीक्षेचा अभ्यास करतोय. माझ्या बॅचच्या ग्रुपवर रोज विषय तोच : कोण बाहेर पडलं, कोण मेडिकल कोडिंगला गेलं, कोण एमबीए करतंय. दातांबद्दल कुणी बोलत नाही.

जुना_नौपाडा

मी 1986 पासून 2021 पर्यंत नौपाड्यात प्रॅक्टिस केली. सुरुवातीला वाटलं होतं की "आमच्या वेळी" करून काहीतरी लिहावं. मग खारघरच्या मुलाचं वाचलं आणि खोडलं.

आमच्या वेळी गोखले रोडच्या आसपास डेंटिस्ट बोटांवर मोजण्याइतके. दुपारी एकला शटर खाली, घरी जेवण, झोप, पाचला चहा घेऊन परत. रात्री साडेआठला बंद. भाडं जुन्या पागडीचं. म्हणजे मी जो निवांतपणा माझा स्वभाव समजत होतो, त्यातला बराचसा त्या जागेचा आणि त्या काळाचा होता. हे मला फार उशिरा कळलं. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांना मी "तुमच्यात दम नाही" म्हणत आलो. त्याबद्दल मला आता वाईट वाटतं.

धास्ती मात्र आम्हालाही होती. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या, तेव्हापासून मी दर पेशंटची नोंद लिहू लागलो. त्याचा फायदाच झाला. रानजाई, तुम्ही बाईंना फाईल तुटल्याचं तिथल्या तिथे सांगितलंत आणि एक्स-रे ठेवलात, हे फार चांगलं केलंत. मन बधिर असतानाही हात सरळ वागले. त्याला सवय म्हणा, संस्कार म्हणा.

दोन गोष्टी सांगतो, उपयोग झाला तर बघा. एक, पंधरा वर्षं मी दर गुरुवारी दुपारी दोन मित्रांना क्लिनिकमध्ये बोलवत असे. आपापल्या बिघडलेल्या केसेस घेऊन यायचं, चांगल्या आणायच्या नाहीत असा नियमच होता. चहा, खारी आणि एक्स-रे. दोन, 1999 मध्ये मी अर्धी जागा एका ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्याला, दिली. भाडं अर्धं झालं हा फायदा होताच, पण भिंतीपलीकडे आपल्याच भाषेत बोलणारं माणूस आहे, त्याचा मोठा आधार वाटे. एकट्याचं क्लिनिक ही फार एकटी जागा आहे.

अवांतर : एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, टर्बाइन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. पस्तीस वर्षांत माझा एक कान उणा झाला. तरुणांनो, कानात बोळे घाला.

कायद्याचं_बोला

सुमेधा, रजेच्या मुद्द्यावर थोडं. मातृत्व लाभ मुळात 1961 च्या कायद्याने आला, 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवडे झाली. पण ती कर्मचाऱ्याला, आणि दुकान किंवा आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर. कन्सल्टंटला व्यावसायिक फी म्हणून पैसे देऊन 10 टक्के टीडीएस कापला जातो, त्यामुळे ती या सगळ्याच्या बाहेर पडते. तोंडी ठरवू नका, एक पानी का होईना, करार करा. किती दिवस आधी कळवून सुट्टी घेता येईल, लॅबचा खर्च कुणाच्या वाट्याचा, पुन्हा करावं लागलेलं काम कुणाच्या खर्चाने, एवढं तरी लिहून घ्या.

दिव्याची_सविता

मी डॉक्टर नाही. दहावी झाली आहे. ठाण्यात डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे, सात वर्षं. मोबाईलवर लिहीतेय, चुका समजून घ्या.

तुम्ही सगळे बोलता ते मी रोज समोर बघते. पण एक सांगू का. मॅडम बसून काम करतात, मी उभी असते, एक हात सक्शनवर, एका हातात दिवा सरळ करायचा. पेशंट गेला की हत्यारं धुवायची, पुसायची, पाऊचमध्ये भरायची, ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं मशीन) लावायचा. 121 डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं, ती कमी केलेली चालत नाहीत. पण बाहेर पेशंट थांबलेले असले की मॅडम आतून ओरडतात, झालं का, झालं का. मशीन माझं ऐकत नाही. 11,000 पगार आहे. रात्री साडेदहाला सुटले की दिवा स्टेशनला उतरून घरी पोचायला साडेअकरा.

माझ्या मॅडम वाईट नाहीत. दिवाळीला बोनस देतात, माझ्या मुलाचे दात फुकट केले. पण मागच्या वर्षापासून बोलायच्या बंद झाल्यात. आधी मला एक्स-रे दाखवून समजावायच्या, सविता हे बघ हे मूळ, हे वाकडं आहे. मला फार आवडायचं. आता नुसता हात पुढे करतात.

रानजाई

सविताताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमच्या मॅडम मी नाही, पण असूही शकले असते. माझ्याकडेही एक ताई आहेत आणि मीही नुसता हात पुढे करते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल सकाळी त्यांना विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. म्हणाल्या, हत्यारांचे दोनच सेट आहेत, तिसरा असता तर धावपळ झाली नसती. तिसरा सेट मागवला. माझ्या एका आठवड्याच्या पेट्रोल-रिक्षाएवढी किंमत. इतकी वर्षं मी याला "वेळ पुरत नाही" म्हणत होते.

माजिवडेकर

परत आलो. एक विचारू का, पेशंट म्हणून आम्ही काय केलं तर तुमचं काम हलकं होईल? मी मागच्या महिन्यात दोनदा अपॉइंटमेंट घेऊन गेलो नाही आणि कळवलंही नाही. त्याचा हिशोब असा असतो हे माहीत नव्हतं.

सुमेधा_नेरूळ

माजिवडेकर, येणार नसाल तर सकाळी एक मेसेज. आणि भीती वाटत असेल तर बसल्या बसल्या सांगा, लपवू नका. घाबरलेला माणूस अचानक मान वळवतो, आणि माझ्या हातात तेव्हा फिरतं यंत्र असतं. सांगितलंत तर मी हळू जाते, मधे थांबते. बाकी दुसरं मत घ्यायचा तुमचा हक्क आहे, त्याचं कुणी वाईट वाटून घेऊ नये.

कोपरीची_मैना

मुलीला धागा पाठवला. ती म्हणाली, "आई, सविताताईंचा प्रतिसाद आधी वाच." आमच्या घरात काल रात्री बाराला यावर बोलणं झालं. तिने विचारलंय, जुना_नौपाडा सर, विद्यार्थी आले तर चालतील का तुमच्या गुरुवारला?

जुना_नौपाडा

माझा गुरुवार 2016 मध्ये बंद पडला. एक मित्र गेला, दुसरा मुलाकडे पुण्याला राहायला गेला. पण खारी अजून तीच मिळते. कुणी येणार असेल तर मी येतो.

रानजाई

सगळ्यांना कळवते. घोडबंदरच्या क्लिनिकच्या मालकांशी बोलले. आठवड्याच्या सहा संध्याकाळींऐवजी चार करणार आहे, मंगळवार आणि गुरुवार सोडले. ते नाखूश आहेत, दुसरी मुलगी बघतोय म्हणाले, बघू. महिन्याचे बरेच पैसे कमी होणार. नवऱ्याशी बसून हिशोब केला आणि कळव्यातली दुपारची वेळ एका पिरिओडॉन्टिस्ट (हिरड्यांची तज्ज्ञ) मैत्रिणीला भाड्याने द्यायची ठरवली. अनघाताई, एका समुपदेशकाकडे एकदा जाऊन आले. अजून फार काही सांगण्यासारखं नाही, फक्त तिथे पाऊण तास मीच बोलत होते आणि कुणी घड्याळ बघत नव्हतं.

डबेवाल्या बाईंचा तुकडा एंडोडॉन्टिस्टने बाजूने वाट काढून मागे टाकला, कॅनॉल पूर्ण झालं. परवा त्या पुढच्या तपासणीला आल्या. एक्स-रे लावला आणि मी आमच्या ताईंना हाक मारली, "या, हे बघा, ही रेघ इथेच राहिली, आणि हे शेजारून खालपर्यंत भरलंय." बाईंनीही मान वर करून पाहिलं. तिघी बघत होतो.

गुरुवारचं पक्कं करतेय : पुढच्या आठवड्यापासून, दुपारी अडीच ते साडेचार, नौपाड्यात. पत्ता इथे टाकत नाही, मला संपर्कातून निरोप करा. असिस्टंटनी यायचं असेल तर त्यांनीही यावं, सविताताई, तुम्हाला मॅडमना विचारायला लागत असेल तर मी त्यांच्याशी बोलते. बिघडलेली एक केस आणायची, एक्स-रेसकट, पेशंटचं नाव झाकून. पहिली माझी.